जठराच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी केमो घेतल्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, शेतकरी, तीस वर्षे विडी ओढणारे. विडी गेल्या दिवाळीपासून बंद आहे. जठराच्या वरच्या भागात कर्करोगाची गाठ निघाली असून पूर्ण जठर काढावे लागेल असे सांगण्यात आले आहे. डॉक्टरांनी त्याआधी ‘फ्लॉट’ नावाच्या केमोच्या चार फेऱ्या सुचवल्या आहेत. नात्यातील एका गृहस्थांना अशीच आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया झाली आणि आठव्या दिवशी ते न्यूमोनियाने गेले. तेव्हा केमोने फुफ्फुसे कमकुवत होण्याआधीच ऑपरेशन उरकून घ्यावे का, असे मुलाने विचारले आहे.

तुमची भीती मला समजते, परंतु तिच्यापोटी उपचारांचा क्रम उलटा करू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या न्यूमोनियाचा धोका वडिलांना आहे, आणि तो लहान नाही. पण त्याचे मूळ केमोत जितके आहे त्यापेक्षा तीस वर्षांच्या विडीत, घटलेल्या वजनात आणि पोटाच्या वरच्या भागातील मोठ्या छेदात जास्त आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर काम करायला जो वेळ लागतो, तो केमोच्या काळातच मिळणार आहे. आज ऑपरेशन केले तर ते आजच्या फुफ्फुसांवर आणि आजच्या अशक्तपणावर होईल.

आधी केमो देण्याची पद्धत कोणा एका डॉक्टरांच्या आवडीनिवडीची नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक’ या ब्रिटिश चाचणीत ५०३ रुग्ण होते. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनी हयात होते. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याच चाचणीतील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण केमो घेतलेल्यांत ४६ टक्के आणि न घेतलेल्यांत ४५ टक्के होते, आणि तीस दिवसांच्या आतील मृत्यूही दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. पुढे जर्मनीतील ७१६ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निकाल २०१९ मध्ये आले, फ्लॉटने जुन्या औषधांपेक्षा सरस कामगिरी केली. रुग्णांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ हयात राहतात तो काळ, ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या दोन्ही चाचण्यांत आधीची आणि नंतरची अशी ठरलेली सगळी केमो पूर्ण करू शकलेले रुग्ण निम्म्याहून कमी होते, कारण जठर काढल्यानंतर खाणे आणि वजन इतके उतरते की अनेकांना पुढची केमो झेपत नाही. म्हणजे ‘आधी ऑपरेशन, मग बघू केमोचे’ असे ठरवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला ती केमो येतच नाही.

अर्थात, चाचणीत निवडले जाणारे रुग्ण सहसा धडधाकट असतात आणि आपल्या ओपीडीत येणारा प्रत्येक रुग्ण तसा नसतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणून केमोमुळे फुफ्फुसांना होऊ शकणारा त्रास नेमका कोणता, हे वेगळे काढून पाहू. ‘केमोमुळे न्यूमोनिया झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा दोन निराळ्या काळांतील दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ करत असतो.

पहिली गोष्ट केमो चालू असतानाची. फ्लॉटमध्ये फ्लूरोयुरासिल, ल्युकोव्होरिन, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि डोसिटॅक्सेल ही औषधे दर चौदा दिवसांनी देतात. यांतील विशेषतः डोसिटॅक्सेलमुळे रक्तातील न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी घटतात. साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्या सर्वांत कमी असतात. जंतूंशी पहिली झुंज याच पेशी देतात, आणि बेडका म्हणून जो पिवळा घट्ट पदार्थ बाहेर पडतो तोही मुख्यतः याच पेशींचा बनलेला असतो. त्यामुळे या पेशी फार कमी असताना न्यूमोनिया झाला तरी बेडका पडत नाही, खोकला किरकोळ राहतो आणि छातीचा एक्सरे पहिल्या दिवशी स्वच्छही दिसू शकतो. फक्त ताप असतो. ‘खोकला नाही, कफ नाही, मग साधा व्हायरल असेल’ हा घरगुती तर्क एरवी चालून जातो. केमोच्या दुसऱ्या आठवड्यात तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून घरात एक चांगला थर्मामीटर ठेवा. एकदा मोजलेला ताप १०१ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, अथवा १००.४ चा ताप तासभर टिकून असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. न्यूट्रोफिल (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे) ५०० च्या खाली असताना ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असा प्रघात आहे, आणि सकाळपर्यंत थांबण्यात तोच वेळ जातो. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही, आणि निर्णय लांबतो. तुम्ही गावात राहत असाल आणि केमो शहरात चालू असेल, तर अशा वेळी जवळचे कोणते रुग्णालय रक्ततपासणी करून लगेच प्रतिजैविक देऊ शकेल, हे पहिल्या फेरीआधीच विचारून ठेवा आणि केमोची फाइल हाताशी ठेवा. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन फ्लॉटसोबत अनेक ठिकाणी पहिल्या फेरीपासूनच देतात. वडिलांचे वय पाहता ते मिळणार आहे का, हे अवश्य विचारा. इन्फ्लुएन्झाची आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूची लस शक्य तर केमो सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी घ्यावी, मात्र लसीसाठी केमो लांबवू नये.

केमोच्या काळात येणारी प्रत्येक धाप संसर्गाचीच असते असेही नाही. कर्करोग आणि केमो दोन्हींमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायातील गुठळी फुफ्फुसात गेली तर अचानक धाप लागते आणि छातीत दुखते. डोसिटॅक्सेलमुळे, क्वचित ऑक्सॅलिप्लॅटिनमुळेही, फुफ्फुसाच्या ऊतींना जंतूंशिवायच सूज येऊ शकते. २०२५ मध्ये ‘मॅटरहॉर्न’ चाचणीचे निकाल आल्यापासून फ्लॉटला डुर्वालुमॅब या इम्युनोथेरपीची जोड देण्याविषयी रुग्णांशी बोलले जाते. त्या औषधानेही अशी सूज येऊ शकते आणि तिचा उपचार प्रतिजैविकांनी नव्हे तर स्टिरॉइडने होतो. आपल्याकडे आणखी एक पाहुणा लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे क्षयरोग. वजन घटणे, भूक मरणे, अशक्तपणा ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असल्याने सगळा दोष कर्करोगावर ढकलला जातो. वडिलांना पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कोणाला झाला असेल, तर ते केमो सुरू होण्याआधी सांगा आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये जुने डाग आहेत का ते विचारा. टीबीच्या उपचारातील रिफॅम्पिसिन काही केमो औषधांचे शरीरातील प्रमाण बदलते, त्यामुळे हे दोन उपचार एकमेकांच्या नकळत चालू असता कामा नयेत.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरच्या न्यूमोनियाची, आणि तुमच्या नातेवाइकांच्या बाबतीत तीच घडली. केमोची शेवटची फेरी आणि ऑपरेशन यांत साधारण चार ते सहा आठवडे ठेवतात. तेवढ्यात पांढऱ्या पेशी पूर्वपदावर येतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी केमोमुळे प्रतिकारशक्ती शून्य झालेली असते ही समजूत खरी नाही. तेव्हाचा न्यूमोनिया वेगळ्या वाटेने येतो. बरगड्यांच्या खालीच छेद असल्याने खोल श्वास घेतला की दुखते, म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, काही दिवस नीट हलत नाही, आणि पहिल्या दिवशी तर छातीत भरता येणारी हवा एरवीच्या सुमारे निम्म्यावर येते. फुफ्फुसाचे खालचे भाग मिटतात, तिथे कफ साचतो, दुखण्याच्या भीतीने तो खोकून काढला जात नाही, आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. ज्याने तीस वर्षे विडी ओढली त्याच्या श्वासनलिकांतील कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस आधीच निकामी झालेले असतात आणि कफही जास्त असतो, म्हणून त्याला हे सगळे लवकर आणि जोरात होते. वय, दमा किंवा सीओपीडी (धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), मधुमेह, रक्तक्षय, लांबलेले ऑपरेशन आणि पूर्ण जठर काढणे ही या धोक्याची बाकीची कारणे.

इथे तुमच्या नातेवाइकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, जरी त्यांची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत. श्वास उथळ राहिल्याने होणारा न्यूमोनिया बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत डोके वर काढतो. आठवडा उलटल्यानंतर, विशेषतः डाव्या बाजूला, छातीत पाणी आणि न्यूमोनिया दिसला की आम्हा मंडळींच्या मनात पहिली शंका येते ती पोटातील जोड गळत असल्याची किंवा स्वादुपिंडाजवळ पू साचल्याची. अन्ननलिका आणि आतडे यांचा जोड श्वासपटलाला लागूनच असतो. तो गळला की वरचे फुफ्फुस पेटते. मृत्यूच्या कागदावर मग न्यूमोनिया लिहिले जाते आणि घरच्यांच्या लक्षात तेवढेच राहते. केमो आधी झाली होती एवढ्यावरून तिच्यावर आळ घेणे हे पुष्कळदा अन्यायाचे ठरते.

मग केमो अगदी निर्दोष आहे का? तसेही म्हणणार नाही. तिची खरी हानी आडवाटेने होते. मळमळ, तोंड येणे, जुलाब, चव जाणे यांमुळे खाणे घटते, थकव्यामुळे माणूस अंथरूण धरतो, आणि घरचे प्रेमाने म्हणत राहतात, “तुम्ही आराम करा, काही हलायची गरज नाही.” दोन महिन्यांत मांड्या वाळतात. केमोआधीचा आणि नंतरचा सीटी स्कॅन शेजारी ठेवला तर पाठीच्या मणक्यांजवळचे स्नायू बारीक झालेले डोळ्यांनी दिसतात. श्वासपटल हाही स्नायूच आहे, आणि जोरात खोकायला पोटाचे स्नायू लागतात. स्नायू गेले की खोकला गेला, आणि खोकला गेला की कफ आत राहिला. वजनकाट्यावर पुष्कळदा हे उमगत नाही, कारण पायांवर किंवा पोटात साचलेले पाणी वजन भरून काढते. माझ्या पाहण्यात चारही फेऱ्या घेऊन चालत येणारे रुग्ण आहेत आणि दोन फेऱ्यांत चाकाच्या खुर्चीवर आलेले रुग्णही आहेत. या दोघांत बहुधा फरक असतो तो मधल्या आठवड्यांत घरी काय घडले याचा.

चार फेऱ्यांचे आठ आठवडे आणि पुढचे चार ते सहा, असे जवळजवळ तीन महिने तुमच्या हातात आहेत. विडी बंद आहे ही सर्वांत मोठी कमाई. ती सुटल्यावर सुरुवातीला खोकला आणि बेडका वाढल्यासारखा वाटतो आणि लोक म्हणतात, “ओढत होते तेव्हा बरे होते.” तसे नाही, फुफ्फुस झाडलोट करू लागल्याची ती खूण असते. तंबाखू, मिश्रीही सोडायला लावा. घरात चुलीवर स्वयंपाक होत असेल तर त्या धुरापासून त्यांना दूर ठेवा, आणि हे वाक्य मी विडीला हातही न लावलेल्या कित्येक आयांच्या मुलांनाही सांगत आलो आहे, कारण चुलीच्या धुराने त्यांची फुफ्फुसे विडी ओढणाऱ्यांसारखीच झालेली असतात. स्पायरोमेट्री ही फुंकण्याची तपासणी आत्ताच करून घ्या. सीओपीडी निघाला तर इनहेलर आजपासून सुरू होईल. तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सापडला तर फारसे काही करता येत नाही.

चालणे रोज हवे. केमोनंतरचे दोन-तीन दिवस अंगणातच, पुढे वाढवत नेऊन बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने अर्धा तास. त्याबरोबर खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, दिवसातून दोन वेळा, जमेल तितके. तीन रंगीत चेंडूंचे श्वासाचे यंत्र तुम्हाला कोणीतरी आणून देईलच. ते फुंकायचे नसून ओढायचे असते. सावकाश श्वास आत घेत चेंडू वर धरून ठेवायचे. आयुष्यभर फुगे फुंकलेल्या माणसाला हे उलटे वाटते, आणि दहातले कित्येक जण आठवडाभर त्यात फुंकत बसतात. यंत्रापेक्षाही महत्त्वाचे आहे फिजिओथेरपिस्टबरोबरचे एक सत्र, आणि तेही ऑपरेशनच्या आधी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांच्या एका चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, पोटाच्या वरच्या भागातील मोठ्या शस्त्रक्रियेआधी फक्त तीस मिनिटांचे असे एक सत्र दिले होते. श्वसनाच्या गुंतागुंतीचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यात जादू काहीच नव्हती. शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला सावकाश खोल श्वास कसे घ्यायचे, टाक्यांवर उशी दाबून कसे खोकायचे आणि हे न केल्यास काय होते, एवढेच रुग्णाला आधी शिकवले होते. गुंगीत आणि दुखण्यात असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा शिकवता येत नाही. इतक्या स्वस्त गोष्टीचा आग्रह आमच्याकडे अजून सर्वत्र धरला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

दातांकडे कोणाचे लक्ष जात नाही. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांतील जंतू लाळेबरोबर नकळत श्वासनलिकेत उतरतात, आणि ऑपरेशननंतर तर हमखास. केमोच्या आधी दंतवैद्याला दाखवावे, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना दात काढणे धोक्याचे असते. पुढे मऊ ब्रशने दोन वेळा दात घासणे आणि जेवणानंतर चूळ भरणे पुरते.

आहारात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने धरा. ५५ किलोच्या माणसाला ती ६६ ते ८२ ग्रॅम होतात, आणि नुसत्या पेजेने ती भरत नाहीत. उकडलेले अंडे सुमारे ६ ग्रॅम देते, पेलाभर दूध ८ ग्रॅम. मुगाचे कढण, दही, पनीर, शेंगदाण्याचा कूट, मासे चालत असतील तर मासे, हे दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन गेले असेल किंवा घास अडकत असेल, तर आहारतज्ज्ञांना आत्ताच भेटा. तोंडाने जमत नसेल तर नळीने अन्न देण्याचा निर्णय लवकर घेतलेला बरा. तुमच्या वडिलांची गाठ वरच्या भागात आहे, त्यामुळे अन्न अडून रात्री घशाशी येण्याची शक्यता आहे. तसे होत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करा आणि झोपण्यापूर्वी तीन तास काही देऊ नका. झोपेत श्वासनलिकेत गेलेले थोडेसे अन्नही न्यूमोनियाला पुरते. भूल देतानाही हाच धोका असतो, म्हणून भूलतज्ज्ञांना हे मुद्दाम सांगा.

आधी ऑपरेशन करणेच योग्य, अशीही काही परिस्थिती असते. गाठीतून थांबत नाही असा रक्तस्राव, जठराला पडलेले भोक, किंवा कर्करोग इतका सुरुवातीचा की केमोची गरजच नाही. जठराचे तोंड पूर्ण बंद झाले असले तरी कधी कधी आधी नळी घालून किंवा अन्नाला दुसरी वाट काढून देऊन (बायपास) मग केमो देता येते. केमो झेपत नसेल तर डोस कमी करता येतो किंवा फेऱ्या थांबवून ऑपरेशन अलीकडे आणता येते. तशी चर्चा दुसऱ्या फेरीनंतर मोकळेपणाने करावी. पण यांपैकी काहीही तुम्ही लिहिलेल्या माहितीत दिसत नाही.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा. पाठीतून एपिड्यूरल किंवा तत्सम मार्गाने वेदना कमी ठेवणार का? वेदना कमी असेल तरच माणूस खोकतो. आणि नाकातील नळी किती दिवस ठेवणार? ती नेहमीच्या सवयीने दिवसेंदिवस ठेवल्याने फायदा होत नाही, उलट फुफ्फुसाचा त्रास वाढतो असे दिसले आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होणार म्हणून फुफ्फुसे आपोआप सुरक्षित, असे मात्र मानू नका. दुसऱ्या दिवशी परिचारिका त्यांना उठवून खुर्चीत बसवायला येईल तेव्हा “आज राहू द्या” असे तुम्ही म्हणू नका. ते स्वतः म्हणतील, ते पुरेसे आहे. भेटायला येणाऱ्यांत सर्दी-खोकल्याचे कोणी असेल तर दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही जवळचा असो.

घरी आल्यावर त्यांना सपाट झोपवू नका. जठर नसल्याने आतड्यातील पित्त वर येऊ शकते, आणि रात्री अचानक येणारा ठसका, सकाळी तोंडाला कडू चव, वारंवार होणारा ‘ब्रॉन्कायटिस’ यांमागे पुष्कळदा तेच असते. शस्त्रक्रियेत प्लीहाही काढावी लागली असेल तर न्यूमोकॉकसच्या लसीविषयी पुन्हा विचारा. ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांनी फ्लॉटच्या नंतरच्या चार फेऱ्या सुरू होतील, आणि तेव्हा थर्मामीटरचा नियम पुन्हा तोच: १०१ अंश किंवा तासभर १००.४, की गोळी न देता निघायचे.